जाऊन येतो

आमच्या बडोद्यात निरोप घेताना 'जातो' असे कोणी म्हणत नाही. दांडिया बाजारातील वाड्याचा उंबरठा ओलांडताना घरातल्या मंडळींना 'येतो' म्हणायचे आणि दाराशी भेटलेल्या गुजराती शेजाऱ्याला 'आवजो' म्हणायचे, हे आम्हांला लहानपणी कोणी मुद्दाम शिकविले नाही. ते जिभेवर आपोआप बसले. दोन्ही भाषांत निरोपाच्या वेळी येण्याचेच क्रियापद वापरतात. अडीचशे वर्षांहून अधिक काळ आपण मराठी माणसे येथे घरात एक भाषा आणि रस्त्यावर दुसरी भाषा बोलत आलो आहोत. त्यामुळे परक्या भाषेचे भय आम्हांला फारसे नव्हते. २००९ सालच्या एप्रिलात नोकरीच्या निमित्ताने आम्ही टोकियोस गेलो, तेव्हा ही एवढीच शिदोरी आमच्याजवळ होती. पुढे आठ वर्षे आम्ही तेथे राहिलो.

हा लेख आम्ही उभयतांनी मिळून लिहिला आहे. जेथे दोघांपैकी एकाचाच अनुभव सांगावयाचा आहे तेथे 'घरधनी' आणि 'घरधनीण' असे शब्द योजले आहेत. वाचकांनी हे जुन्या वळणाचे शब्द गोड मानून घ्यावेत.

आमचे बिऱ्हाड टोकियोच्या पूर्व अंगास, एदोगावा विभागातील निशी-कासाई येथे होते. २००० सालाच्या आगेमागे संगणकाच्या कामासाठी भारतीय मंडळी या भागात येऊ लागली आणि हळूहळू तेथे आपल्या लोकांची वस्तीच झाली. डाळी, मसाले, कढीपत्ता हे सारे मिळे. गणेशोत्सवात मराठी माणसे एकत्र जमत. आम्ही परतल्यानंतर दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ याच एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले, हे वाचून आम्हांला घरचेच कार्य पार पडल्यासारखा आनंद झाला.

आमच्या इमारतीत मात्र आमच्याखेरीज सारी बिऱ्हाडे जपानी होती. नव्या घरी राहावयास आल्यावर शेजाऱ्यांच्या दारी जाऊन लहानशी भेट द्यावी, अशी तेथे चाल आहे. आम्ही टॉवेलांच्या घड्या घेऊन गेलो. समोरच्या दारातून ऐंशीच्या घरातील एक ठेंगण्याशा बाई बाहेर आल्या, कमरेत लवून नमस्कार केला, भेट दोन्ही हातांनी घेतली आणि दार अलगद लोटून घेतले. पुढे ज्यांना आम्ही आजी म्हणू लागलो, त्या याच.

पहिल्या वर्षी आम्ही शिकलो ते मुख्यत्वे कसे वागू नये हेच. जळणारा कचरा निराळा, न जळणारा निराळा, बाटल्या, डबे आणि कागद निराळे. प्रत्येकाचा वार ठरलेला आणि तोही सकाळी आठाच्या आत बाहेर ठेवावयाचा. एकदा आमची पिशवी चुकीच्या वारी गेली. दुपारी पाहतो तो ती तेथेच होती, आणि वर एक चिठ्ठी चिकटविलेली होती. कोणी दार ठोठावले नाही की कोणी आवाज चढविला नाही. आगगाडीत दूरध्वनीवर बोलू नये, रात्री दहानंतर कपडे धुण्याचे यंत्र लावू नये, जिन्यात मोठ्याने हाका मारू नयेत. या साऱ्या नियमांच्या मुळाशी 'मेइवाकू' हा एक शब्द आहे. मेइवाकू म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला होणारा उपसर्ग. तो होऊ नये याची काळजी तेथील लहान मूलसुद्धा घेते.

या काळजीचे फळही आम्ही चाखले. एकदा घरधन्याचे पाकीट गाडीत राहिले. दोन दिवसांनी ते पोलीस चौकीतून जसेच्या तसे परत मिळाले. प्रत्येक वस्तीत 'कोबान' नावाची लहानशी चौकी असते, आणि सापडलेली वस्तू तेथे नेऊन देण्याचा प्रघात आहे. टोकियोच्या पोलिसांकडे वर्षाकाठी अशा चाळीस लाखांच्या वर वस्तू जमा होतात. सापडविणाऱ्याला कायद्याने पाच ते वीस टक्के बक्षीस मागता येते. आमचे पाकीट देणाऱ्याने तेही मागितले नाही आणि आपले नावही ठेवले नाही.

भाषा शिकविण्यासाठी वस्तीत एक वर्ग चाले. तेथे पहिल्याच दिवशी आम्ही चकित झालो. फळ्यावरची वर्णमाला होती अ, इ, उ, ए, ओ आणि त्यापुढे क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या संस्कृत वर्णक्रमावरून ही मांडणी आली आहे. ओळखीचे माणूस परदेशी वेषात भेटावे तसे आम्हांला झाले. ऱ्हस्व-दीर्घाची शिक्षाही ओळखीचीच निघाली. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा काकू, आणि 'बा' लांबविला की 'ओबाआसान' म्हणजे आजी. आमच्या गल्लीतील एका मध्यमवयीन बाईंना घरधनिणीने तोंडभरून आजी म्हटले, तेव्हा त्या मनमुराद हसल्या. या बाईंची गाठ पुढे पडणार आहे.

त्याच वर्गात आम्हांला निरोपाचे शब्द शिकविले. 'सायोनारा' हा शब्द चित्रपटामुळे आपल्याकडे साऱ्यांना ठाऊक आहे. परंतु घरातून निघणारा माणूस तो कधी उच्चारीत नाही. तो म्हणतो, 'इत्तेकिमास', म्हणजे जाऊन येतो. घरात राहणारा उत्तर देतो, 'इत्तेराश्शाइ', म्हणजे जाऊन या. परतल्यावर 'तादाइमा', हा आलोच. आणि त्यावर 'ओकाएरी', आलात, बरे झाले. शिक्षिकाबाई हे समजावून सांगू लागल्या तेव्हा आम्ही म्हटले, 'बाई, हे आम्ही घरूनच शिकून आलो आहोत.'

आता रात्रीविषयी. वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात टोकियोची रात्र म्हणजे रंगीबेरंगी दिव्यांच्या पाट्या आणि मद्याचे पेले, असे चित्र असेल. ते खोटे नाही. शिंजुकू स्थानकातून दररोज सुमारे पस्तीस लाख माणसे ये-जा करीत आणि त्याची दारे दोनशेच्या घरात होती. त्याच्या पूर्वेस काबुकी-चो नावाचा भाग आहे. युद्धानंतर तेथे काबुकी नाटकांचे थिएटर बांधण्याचा बेत होता. थिएटर झालेच नाही. नाव तेवढे राहिले आणि त्या नावाखाली दारूची दुकाने, नाचगाण्याचे अड्डे आणि नाना प्रकारचे व्यवहार वाढले. रस्त्यात गिऱ्हाइके ओढणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, अशी सूचना तेथे कर्ण्यावरून सतत ऐकू येते. तीत अर्थ आहे. नवख्या माणसाला भलतेच बिल हाती मिळाल्याच्या कथा आमच्या कानांवर अनेक वेळा आल्या.

काबुकी-चोतच 'गोल्डन गाइ' आहे. सहा अरुंद बोळ आणि त्यांत दोनशेच्या वर चिमुकली दुकाने. कित्येकांत सहा-सात माणसे बसली की पुढच्याला उभे राहावयास जागा उरत नाही. घरधन्याच्या कचेरीतील मंडळी त्याला प्रथम तेथे घेऊन गेली. दिवसभर शेजारच्या मेजावर बसून 'होय' आणि 'आभारी आहे' यांपलीकडे न बोलणारे गृहस्थ तेथे दुसऱ्या पेल्यानंतर साहेबाच्या तोंडावर त्याच्या चुका सांगत होते, आणि साहेब मान डोलवीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघेही पूर्ववत. रात्रीचा शब्द सकाळी काढावयाचा नाही, असा तेथे संकेत आहे. वरवरच्या बोलण्याला तेथे 'तातेमाए' म्हणतात आणि मनातल्या बोलण्याला 'होन्ने'. मनातले बोलणे बाहेर पडावे यासाठी त्या समाजाने रात्र राखून ठेवली आहे, असे आम्हांला दिसले.

आम्ही दोघेही शाकाहारी आणि मद्य न घेणारे. या बैठकांत घरधन्याची पंचाईत होई. पेयाचा प्रश्न ऊलाँग चहाने सुटला. खाण्याचा सुटेना, कारण 'दाशी' नावाचा जो रस्सा तेथे बहुतेक पदार्थांच्या मुळाशी असतो, त्यात बोनितो माशाचा वाळविलेला कीस असतो. साध्या दिसणाऱ्या भाजीतही तोच. पहिले वर्षभर घरधनी सबबी सांगून या बैठका टाळीत असे. मग एका वयस्क सहकाऱ्याने त्याला हळूच सांगितले, 'तू काय पितोस हे कोणी पाहत नाही. तू आलास की नाही हे मात्र सारे पाहतात.' तेव्हापासून तो उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा आणि चहा यांवर तीन-तीन तास काढू लागला. स्वतःचा पेला स्वतः भरावयाचा नाही, शेजाऱ्याचा भरावयाचा, हा नियम मद्य न पिणाऱ्यालाही पाळता येतो.

शिंजुकूतच नाकामुराया नावाचे जुने दुकान आहे. १९१५ साली इंग्रजांच्या हातून निसटून रासबिहारी बोस जपानात आले, तेव्हा या दुकानाच्या मालकांनी, सोमा कुटुंबाने, त्यांना लपवून ठेवले. पुढे १९१८ मध्ये घरची कन्या तोशिको हिच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि १९२७ मध्ये या दुकानात भारतीय पद्धतीची करी मिळू लागली. एका परक्या माणसाला घराने आत घेतले, त्याची खूण शंभर वर्षांनंतरही जेवणाच्या ताटात आहे. देशाहून पाहुणे आले की आम्ही त्यांना ते दुकान दाखवावयास नेत असू.

रात्री साडेबारा-एकच्या सुमारास शेवटची गाडी सुटते आणि पहाटे साडेचारपर्यंत दुसरी नसते. ज्यांची ती चुकते ते रात्रभर उघड्या दुकानांत बसतात, नाहीतर 'कॅप्सूल हॉटेला'त झोपतात. माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या या खोक्यांची पहिली वसतिशाळा १९७९ साली ओसाका येथे निघाली. तिची रचना कुरोकावा किशो या वास्तुशिल्पज्ञांनी केली होती. एका रात्री घरधन्याची गाडी चुकली आणि त्याला अशा खोक्यात झोपावे लागले. शेजारच्या खोक्यातील गृहस्थ त्याला म्हणाले की त्यांची गाडी चुकलेली नव्हती. घरी गेले काय आणि न गेले काय, सारखेच, म्हणून ते येथे येत.

त्या वाक्याचा अर्थ आम्हांला आमच्याच गल्लीत उमगला. स्थानकामागच्या गल्लीत एक 'स्नॅक' होते. स्नॅक म्हणजे फराळाचे दुकान नव्हे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या सुमारास रात्री उशिरापर्यंत नुसते मद्य विकण्यावर निर्बंध आले, तेव्हा सोबत थोडे खाणे ठेवून जी दुकाने निघाली त्यांना हे नाव पडले. मध्ये एक लाकडी फळी, तिच्या अलीकडे आठ-दहा खुर्च्या, पलीकडे मालकीणबाई. तिला सारे 'मामा' म्हणतात. तेथे मामा म्हणजे आई. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या बाटल्या नावाची चिठ्ठी अडकवून फडताळात ठेवलेल्या असतात. आमच्या गल्लीतील मामा म्हणजे ज्यांना घरधनिणीने चुकून आजी म्हटले होते, त्याच बाई. 'आता आजी म्हटलेच आहे तर चहा घेऊन जा,' असे म्हणून त्यांनी आम्हांला आत बोलाविले. बडोद्याच्या सुनेने दारूच्या दुकानात पाऊल टाकावे की नाही, हा विचार घरधनिणीच्या मनात क्षणभर आला. आत पाहते तो समोरच्या बिऱ्हाडातील आजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून गात होत्या.

आजी दर शुक्रवारी सायंकाळी सहाला तेथे येत. गरम पाण्यात थोडे मद्य, एक वाटी काहीतरी शिजविलेले आणि तीन गाणी. जिन्यात कधी दोन शब्दांपलीकडे न बोलणाऱ्या आजी येथे पतीच्या गोष्टी सांगत, युद्धानंतरच्या उपासमारीच्या आठवणी काढीत, मोठ्याने हसत. काराओकेचे यंत्र १९७१ साली कोबे येथे इनोउए दाइसुके यांनी प्रथम प्रचारात आणले. त्या शब्दाचा अर्थ 'रिकामा वाद्यवृंद' असा आहे. आमच्यावर गाण्याची पाळी आली तेव्हा यंत्रात मराठी गाणे कोठून असणार? घरधनिणीने साथीवाचून एक अंगाई म्हटली. शब्द कोणालाच कळले नाहीत. पण आजींनी ती पुन्हा म्हणावयास लावली.

आणि आम्ही एक गोष्ट पाहिली. दार उघडून कोणीही नेहमीचे माणूस आत आले की मामा म्हणत, 'ओकाएरी.' आलात, बरे झाले. गिऱ्हाइकाला दुकानात म्हणावयाचा शब्द निराळा आहे. हा घरचा शब्द. येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी तो म्हणणारे कोणी नव्हते.

तो शब्द आमच्या घरात आजींनीच आणला. ११ मार्च २०११ च्या दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी मोठा भूकंप झाला. त्याचे केंद्र दूर ईशान्येच्या समुद्रात होते, तरी टोकियोच्या उंच इमारती झाडांसारख्या डोलत होत्या. आगगाड्या थांबल्या, दूरध्वनी लागेनात, लक्षावधी माणसे पायी घरी निघाली. घरधनीण एकटी होती. अर्ध्या तासात दारावर टकटक झाली. आजी शिरस्त्राण घालून, हातात विजेरी घेऊन उभ्या होत्या. त्या आत आल्या, गॅसची कळ बंद केली, दार उघडेच राहील अशी पाचर बसविली आणि घरधनिणीचा हात धरून बसून राहिल्या. घरधनी शिंजुकूहून चालत निघाला होता. वाटेत दुकानदार रस्त्यावर येऊन लोकांना पाणी देत होते. आमच्या गल्लीतील मामांनी स्नॅकचे दार सताड उघडे ठेवून चहाची किटली बाहेर मांडली होती. मध्यरात्रीच्या सुमारास तो घरी पोहोचला आणि सवयीने म्हणाला, 'तादाइमा.' घरधनिणीला रडूच कोसळले. उत्तर आजींनी दिले.

येथवर जे सांगितले ते सांगणे सोपे होते. पुढचे सांगताना आम्हांला लाज वाटते. पण त्याच्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला.

२०१४ च्या जानेवारीतील एका गुरुवारी सकाळी आजींच्या टपालपेटीत वर्तमानपत्र तसेच दिसले. संध्याकाळची आवृत्तीही त्याच्यावर येऊन पडली. गच्चीत धुणे नव्हते. रात्री घरधनीण म्हणाली, 'दार वाजवून पाहावे का?' घरधनी म्हणाला, 'मुलीकडे गेल्या असतील. झोपल्या असल्या तर उगीच उपसर्ग.' बडोद्यातील वाड्यात शेजारच्या काकूंचे दूध सकाळी सातपर्यंत उचललेले नसते तर आम्ही आठाच्या आत दार ठोठावले असते. पाच वर्षांत तेथील रीतभात आम्ही इतकी चोख आत्मसात केली होती की दाराशी जाऊन परत आलो. शुक्रवारी सकाळी पेटीतून तिसरे वर्तमानपत्र डोकावत होते. तेही पाहून आम्ही आपापल्या कामाला लागलो.

शुक्रवारी सायंकाळी साडेसातला आमची घंटा वाजली. दारात मामा, कमरेचा एप्रन तसाच. त्यांनी विचारले, 'आजी आल्या नाहीत. तुम्ही पाहिलेत?' आम्ही वर्तमानपत्रांविषयी सांगितले. त्या एक शब्दही न बोलता कोबानकडे धावल्या. पोलीस आणि इमारतीचा व्यवस्थापक किल्ली घेऊन आले. आजी न्हाणीघराच्या दाराशी पडलेल्या होत्या. बुधवारी रात्री पाय घसरला होता. खुब्याचे हाड मोडले होते. शुद्ध होती, आवाज मात्र उरला नव्हता. त्या वाचल्या. आणखी एक रात्र गेली असती तर वाचल्या नसत्या, असे वैद्यांनी सांगितले.

मामांनी आम्हांला कधी बोल लावला नाही. रिकामी खुर्ची त्यांना दीड तासात दिसली. आमच्या समोरचे बंद दार दोन दिवस आम्हांला दिसत होते. जपानच्या पोलिसांनी २०२४ या एका वर्षाची मोजदाद जाहीर केली, तेव्हा घरी एकट्याने मृत्यू आलेल्यांची संख्या सुमारे ७६ हजार निघाली आणि त्यांतील बहुतांश वृद्ध होते. तो आकडा वाचताना प्रत्येक दारासमोर आमच्यासारखेच कोणी सभ्य शेजारी राहत असतील, हा विचार आमच्या मनातून जाईना.

आजी पुन्हा त्या घरी परतल्या नाहीत. मुलीने त्यांना वृद्धांच्या निवासात ठेवले. आम्ही महिन्यातून एकदा जात असू. एकदा घरधनिणीने त्या गुरुवारची हकिगत सांगून क्षमा मागितली. आजी म्हणाल्या, 'मी तरी कोठे हाक मारली? शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून पहिली रात्र मी गप्पच होते.' आणि स्वतःच हसल्या.

२०१७ च्या मार्चमध्ये आम्ही कायमचे परतलो. निघण्यापूर्वी आजींना भेटावयास गेलो. कायमचे जात आहोत, तेव्हा आता तरी सायोनारा म्हणावे लागणार, असे आम्ही आपसांत बोललो होतो. घरधनी तो शब्द उच्चारणार तोच आजींनी मान हलविली आणि खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, 'इत्तेराश्शाइ.' जाऊन या. आम्हीही मग तेच उत्तर दिले, जे रोज सकाळी द्यावयाचे असते.

बडोद्याच्या आमच्या वाड्यात पूर्वी अकरा बिऱ्हाडे होती. आज चार आहेत. त्यांतील तिघांची मुले परदेशी आहेत आणि दोन घरांत एकेकच माणूस राहते. नवीन घरांच्या दारांना आता आतून कुलपे असतात, आणि उगीच कोणाला त्रास कशाला, हे वाक्य आपल्याकडेही ऐकू येऊ लागले आहे. सकाळी फिरावयास निघताना आम्ही त्या दोन्ही दारांशी थांबून 'येतो' म्हणतो. आतून 'या' असे उत्तर येईपर्यंत पुढे जात नाही. कधी कधी उत्तर यावयास वेळ लागतो, आणि क्वचित कोणी चिडतेही. तेवढा उपसर्ग आम्ही आता बिनदिक्कत देतो.